खोकड, कोल्हा आणि घरचं मांजर

वर्गात मुलांना कोल्ह्याचं चित्र काढायला सांगा. बहुतेक मुलं तांबूस-केशरी अंगाचा, पांढऱ्या छातीचा आणि झुपकेदार शेपटीचं टोक पांढरं असलेला प्राणी काढतील. हा झाला युरोपातला तांबडा कोल्हा. भारतात तो हिमालयात आणि वायव्येकडच्या कोरड्या प्रदेशात राहतो, महाराष्ट्रात मात्र नाही. इंग्रजी गोष्टींची पुस्तकं मराठीत आली तेव्हा शब्द आपला घेतला आणि चित्र त्यांचं ठेवलं, त्यातून हा घोटाळा झाला. आपल्याकडे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या 'कोल्हा' म्हणतात तो वेगळाच प्राणी आहे. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे या कोल्ह्याच्या जातीचे. तो कुत्रा-लांडग्यांच्या कुळातला. इसापाचा द्राक्षं आंबट म्हणणारा प्राणी ज्या कुळातला, त्या कुळातला आपला रहिवासी म्हणजे खोकड.

हा नुसता शब्दांचा वाद नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचं अधिकृत नाव अहमदनगर) शेतातल्या वस्तीवर राहणारी अनेक कुटुंबं मांजर पाळतात. धान्याच्या कणग्या, पेंडीची पोती, गोठ्यातला चारा असल्यावर उंदीर आलेच आणि उंदरांमागे मांजर आलं. एखाद्या रात्री बांधावर दोन डोळे चमकतात, सकाळी मांजर दिसत नाही आणि घरात निकाल लागतो, 'कोल्ह्यानं नेलं.' मग कोणी बिळात धूर करतं, कोणी बिळाचं तोंड दगडांनी बुजवतं, कोणी विषारी आमिष टाकतं. ज्याच्यावर हा राग निघतो तो प्राणी बहुतेक वेळा निर्दोष असतो. मांजर ज्यामुळे गेलं ते कारण तसंच राहतं आणि पुढचं मांजरही त्याच वाटेनं जातं. म्हणून आधी ओळख पक्की करू.

खोकड अंगानं लहान असतं. डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत साधारण पन्नास सेंटिमीटर, पाय काटकुळे, कान मोठे आणि टोकदार, तोंड निमुळतं, रंग राखाडी-भुरा. शेपटी शरीराच्या निम्म्याहून लांब, झुपकेदार आणि टोकाला काळी. काळं टोक ही सर्वांत सोपी खूण. कोल्हा याच्यापेक्षा बराच मोठा, गावठी कुत्र्याच्या बांध्याचा. कान त्या मानानं आखूड आणि शेपटी गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढीच. संध्याकाळी एकानं सुरुवात केली की चहूबाजूंनी उत्तरं येतात ती कोल्हेकुई कोल्ह्यांची. खोकड असा समूहगान करत नाही. त्याचा आवाज तुटक, किरट्या भुंकण्यासारखा असतो.

आता वजनं पाहा. खोकडाचं वजन दोन ते तीन किलो, क्वचित थोडं जास्त. कोल्ह्याचं सात ते अकरा किलो. आपल्या घरच्या मांजराचं तीन ते पाच किलो. म्हणजे खाऊनपिऊन बरा असलेला एखादा बोका खोकडापेक्षा वजनदार निघतो! हा एक आकडा लक्षात ठेवला तरी निम्मी भीती जाते.

वजनाचा हिशेब एवढा महत्त्वाचा का, ते विद्यार्थ्यांशी बोलण्यासारखं आहे. शिकारी प्राणी शौर्य दाखवायला शिकार करत नाही. मिळणारं अन्न आणि पत्करावा लागणारा धोका यांचा मेळ बसला तरच तो अंगावर जातो. मांजराकडे चार पंजांची नखं आहेत, सुळे आहेत आणि अंग वळवण्याची विलक्षण लवचीकता आहे. खोकडाचा एक डोळा गेला किंवा पाय दुखावला तर त्याला दवाखाना नाही. आठवडाभर शिकार जमली नाही तर ते मरतं. अशा प्राण्यानं आपल्याएवढ्याच सशस्त्र प्राण्याशी भांडण काढणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. म्हणून दोघं समोरासमोर आली तर सहसा घडतं ते असं : मांजर पाठीची कमान करतं, केस फुलवतं, फिस्कारतं, खोकड थोडं थांबून पाहतं आणि वाट बदलतं. कित्येकदा मांजर फिस्कारण्याचेही कष्ट घेत नाही.

ब्रिटनमधल्या शहरांत १९३०च्या दशकापासून तांबडे कोल्हे वस्ती करून राहू लागले. आज तिथे घरोघरी मांजर आणि परसात कोल्हा अशी स्थिती आहे. हा तांबडा कोल्हा आपल्या खोकडाच्या दुप्पट वजनाचा, तरीही मोठ्या मांजराच्या वाटेला तो क्वचितच जातो. नुकसान होतं ते मुख्यतः लहान पिल्लांचं, आजारी किंवा फार म्हाताऱ्या मांजरांचं. हीच मर्यादा खोकडालाही लावून ठेवावी. डोळे न उघडलेली पिल्लं उघड्या गंजीत पडलेली असतील तर खोकडच काय, मुंगूस, घोरपड, बोका, भटकं कुत्रं, कोणीही ती उचलेल.

मग खोकड खातं काय? त्याची विष्ठा तपासून अभ्यासकांनी जी यादी केली आहे ती शेतकऱ्याला आवडावी अशी आहे. माळावरचे उंदीर, वाळवी, भुंगे आणि शेणकिडे, टोळ आणि नाकतोडे, विंचू, कोळी, सरडे, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि भरपूर बोरं. कलिंगडासारखी फळं, हरभऱ्याचे घाटे हेही चालतात. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडते तेव्हा खोकड जमिनीशी नाक लावून ती टिपत बसतं.

गणिताच्या तासाला एक हिशेब करून पाहता येईल. विश्रांतीत असलेल्या सस्तन प्राण्याला दिवसाला लागणारी ऊर्जा ढोबळमानानं ७० गुणिले वजनाचा (किलोतला) ०.७५ घात इतके किलोकॅलरी असते. अडीच किलोच्या खोकडासाठी हे उत्तर येतं सुमारे १४०. हिंडण्याफिरण्यासकट अडीचपट धरली तर ३५०. पन्नास ग्रॅमच्या एका उंदरातून सुमारे ७५ किलोकॅलरी मिळतात असं धरू. म्हणजे केवळ उंदरांवर भागवायचं तर रोज चार ते पाच उंदीर लागतील. निम्मं अन्न किडे आणि फळं यांतून आलं तरी वर्षाला एक खोकड आठशेच्या घरात उंदीर संपवतं. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण माळाला लागून ज्याचं ज्वारीचं रान आहे त्यानं या आकड्याकडे कानाडोळा करू नये. घरचं मांजर कणगीतले उंदीर मारतं, खोकड बांधावरचे. दोघांचं काम एकच, हद्द वेगळी.

कोल्ह्याची गोष्ट थोडी निराळी. तो मोठा आहे, कोंबडी उचलतो, नुकतंच जन्मलेलं करडू उघड्यावर असेल तर तेही नेतो आणि मांजराचं पिल्लूही. पण त्याचंही बरंचसं पोट भरतं ते उंदीर, मेलेली जनावरं आणि शेतातला माल यांवर. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण आपल्याकडे उगीच आलेली नाही. ती ज्यानं पहिल्यांदा म्हटली त्यानं आपल्या मळ्यात कोल्ह्याला काकडी खाताना पाहिलं असणार! मका, ऊस, कलिंगड, बोरं यांवर कोल्हा खरोखरच ताव मारतो.

या दोघांपैकी आपल्या घरामागे कोण असेल हे आपण जिल्ह्याच्या कुठल्या भागात राहतो यावर बरंच अवलंबून आहे. नगर जिल्हा पाण्याच्या बाबतीत दोन तोंडांचा आहे. उत्तरेत प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, कालवे आले, १९५०च्या सुमारास लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या पट्ट्यात उसाचं रान वाढलं. उसाच्या फडात वर्षभर सावली, आडोसा आणि पाणी. तिथे कोल्हा, रानमांजर, बिबट्या यांचं फावतं. दक्षिणेला कर्जत, जामखेड, श्रीगोंदे, पारनेर हा कमी पावसाचा, आखूड गवताच्या माळांचा मुलूख. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० साली अभयारण्य झालं. ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे. १९७९ साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्यातही सोलापूरबरोबर कर्जत, श्रीगोंदे आणि नेवासे तालुक्यांतले भाग धरले होते. खोकड हे या उघड्या माळाचं जनावर. त्याला दूरवर नजर जाईल असं आखूड गवत, बीळ खणता येईल अशी जमीन आणि दुपारी अंग टाकायला एखादं झुडूप हवं. सरकारी दप्तरात अशा जमिनीला 'पडीक' म्हणतात. पडीक म्हटल्यावर तिथे झाडं लावणं, तळी खणणं, भूखंड पाडणं हे सगळं पुण्यकर्म ठरतं आणि खोकडाचं घर जातं. गवताळ माळ हे अपुरं राहिलेलं जंगल नव्हे, ती स्वतंत्र परिसंस्था आहे. शाळेच्या वृक्षारोपणासाठी जागा निवडताना एवढी गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

आता ज्यांच्यापासून मांजराला खरा धोका आहे त्यांच्याकडे वळू. याबाबतीत आपला जिल्हा भाग्यवान, कारण अकोले परिसरात या विषयावर जगभर गाजलेला अभ्यास झाला आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतीच्या पट्ट्यात ट्रॅप कॅमेरे लावले. समोरून कोणी गेलं की आपोआप फोटो निघतो असे हे कॅमेरे असतात. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके आणि तरसाचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे फोटोंवरून निरनिराळी जनावरं ओळखता येतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि पाच तरस असल्याचं निघालं. आणि हे कुठे, तर जंगल जवळजवळ नाही आणि दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात अशा शेतवस्तीत. त्याच कॅमेऱ्यांत खोकड, कोल्हा, रानमांजर, वाघाटी, जवादी मांजर आणि मुंगूस यांचेही फोटो आले. आपण दिवसा ज्या पायवाटेनं शाळेत जातो तीच वाट रात्री इतकेजण वापरतात!

त्यानंतर त्याच भागातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला. विष्ठेतले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते कुठल्या प्राण्याचे आहेत हे ओळखतात. बिबट्याच्या एकूण आहारापैकी ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता. एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. घरची मांजरंही यादीत होती. शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही त्यांचा वाटा बराच कमी होता. याचं कारण अगदी साधं आहे : शेळ्या रात्री गोठ्यात कोंडलेल्या असतात, कुत्री आणि मांजरं मोकळी असतात. म्हणजे जनावर वाचतं की जात राहतं हे बिबट्याच्या मर्जीपेक्षा आपल्या गोठ्याच्या दारावर जास्त ठरतं. उसाच्या पट्ट्यात मांजर रात्रीतून नाहीसं झालं तर संशयितांच्या यादीत खोकड बरंच खाली येईल. त्याच्या वर बिबट्या आहे, रस्त्यावरची वाहनं आहेत, उंदराचं विष आहे आणि अर्थातच भटकी कुत्री आहेत.

कुत्र्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे मांजर आणि खोकड दोघं एकाच बाजूला येतात. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळरानावर अबी तमीम वनक आणि त्यांचे सहकारी यांनी खोकडांचा अनेक वर्षं अभ्यास केला. खोकडांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून ती कुठे जातात हे टिपलं. खोकडं गवताळ भागातच राहणं पसंत करत होती आणि माणसांचा व कुत्र्यांचा वावर जास्त असलेली जागा टाळत होती. दोघांचं खाणं तपासलं तर फारसं साम्य नाही. कुत्री मुख्यतः माणसाच्या आश्रयानं मिळणाऱ्या अन्नावर जगत होती, खोकडं उंदीर, किडे आणि फळांवर. मग टाळण्याचं कारण काय? यासाठी त्यांनी एक छान प्रयोग केला. खोकडांसाठी खाद्याच्या थाळ्या मांडल्या आणि जवळपास कुत्रं असताना व नसताना काय होतं ते पाहिलं. कुत्रं आसपास असलं की खोकड थाळीजवळ कमी वेळ थांबे, वारंवार मान वर करून पाही आणि खाणं कमी होई. कुत्र्यानं प्रत्यक्ष काही करायची गरजच पडत नव्हती. परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक नुसता उभा राहिला तरी काय होतं हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

कुत्र्यांमुळे होणारं दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. त्याच भागातल्या कुत्र्यांचं रक्त तपासल्यावर बहुतेकांना डिस्टेंपर आणि पार्वो या विषाणूंची लागण कधी ना कधी होऊन गेल्याचं आढळलं. लागण झालेली खोकडंही सापडली. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा रोग म्हणून ओळखला जात असला तरी तो तिथेच थांबत नाही. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत या रोगानं सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. २०१८ साली गीरमध्ये थोड्या दिवसांत वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हाही याच विषाणूचा हात असल्याचं निष्पन्न झालं. घरच्या मांजराला डिस्टेंपर सहसा बाधत नाही, खोकडाला मात्र तो मारतो. माळावर शेळ्यांमागे जाणाऱ्या कुत्र्याला लस टोचलेली असेल तर त्याचा उपयोग त्या कुत्र्याच्या मालकालाच नव्हे, तिथल्या खोकडालाही होतो.

रेबीज म्हणजे पिसाळण्याचा रोग हा विषय निघतोच. भारतात माणसाला रेबीज होतो तो जवळजवळ नेहमी कुत्र्याच्या चाव्यातून. खोकड, कोल्हा, मुंगूस, मांजर यांनाही तो होऊ शकतो, कारण ते सस्तन प्राणी आहेत. म्हणून वस्तीवरच्या मांजराला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पशुवैद्याच्या सल्ल्यानं दरवर्षी पुन्हा द्यावी. आपल्याकडे कुत्र्याला लस देतात आणि मांजराला विसरतात. दिवसाउजेडी खोकड दिसलं म्हणजे ते पिसाळलं असं मात्र नव्हे. पिल्लं मोठी होत असताना आई-बापांना दिवसाही हिंडावं लागतं. माणसाला न भिता जवळ येणं, झोकांड्या खात चालणं, लाळ गळणं, दिसेल त्याला चावत सुटणं ही धोक्याची लक्षणं. असं जनावर दिसलं तर मुलांना घरात घ्यावं आणि वनखात्याला कळवावं. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ हा आहे. कोणत्याही अशा प्राण्यानं चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. हळद, मिरची, चुना, तेल असलं काहीही जखमेवर लावायचं नाही. हे मुलांकडून पाठ करून घेतलं तरी चालेल; विज्ञानाच्या पुस्तकातल्या पुष्कळ व्याख्यांपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

आता विषाकडे येऊ. उंदरांसाठी घरात आणि शेतात जी औषधं ठेवतात त्यांपैकी ब्रोमॅडिओलोनसारखी औषधं रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात. उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस तो मलूल होऊन फिरतो आणि पकडायला सोपा होतो. तो मांजरानं खाल्ला तर विष मांजरात जातं, खोकडानं खाल्ला तर खोकडात, घुबडानं खाल्ला तर घुबडात. काही दिवसांनी नाकातून किंवा अंगात रक्तस्राव होऊन मांजर मरतं आणि 'साप चावला असेल' म्हणून आपण विषय मिटवतो. उंदीर मारण्यासाठी पाळलेलं मांजर आणि फुकट काम करणारं खोकड ही दोन्ही उंदरांच्या औषधानंच गमवायची, असा हा उफराटा हिशेब आहे. पिंजरा, सापळा, कणगी जमिनीपासून वर घेणं, घराच्या भिंतीलगतचं अडगळीचं सामान काढणं हे उपाय कंटाळवाणे आहेत, पण त्यांत मांजर मरत नाही. विष वापरलंच तर मेलेले उंदीर रोज शोधून खोल पुरावेत.

घरच्या मांजरासाठी करायचं ते फार नाही. रात्री त्याला घरात घ्यावं. दिवे लागायच्या वेळी रोज ठरावीक जागी दूधभाकरी मिळते म्हटल्यावर मांजर आपणहून आत येतं. त्यासाठी मागे धावावं लागत नाही. खाणं घरातच द्यावं आणि उरलेलं अंगणात ठेवू नये. उघड्यावरची ताटली मांजरापेक्षा जास्त कुत्र्यांना बोलावते आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. विणीच्या वेळी मांजरीला खोलीचा कोपरा द्यावा. तिनं गंजीत किंवा गोठ्याच्या माळ्यावर पिल्लं घातली असतील तर ती दोन महिन्यांची होईपर्यंत तरी आत हलवावीत. शक्य असेल तर मांजरीचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्यावं. दर वेळची चार-पाच पिल्लं पोसायची कुणी, हा प्रश्न मग उरत नाही. बोका तर ऑपरेशननंतर रात्रीचा लांब भटकेनासा होतो. कोंबड्यांच्या खुराड्याला खालूनही जाळी हवी, कारण कोल्हा उकरून आत शिरतो. मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर टाकण्याची सवय मोडली तर घराकडे येणाऱ्या रानजनावरांची निम्मी वर्दळ कमी होईल. आणि जाता जाता, विहिरीला कठडा बांधा. रात्री धावताना उघड्या विहिरीत पडणाऱ्यांत बिबट्यापासून मांजरापर्यंत सगळेच असतात.

खोकडाच्या बाजूनंही थोडं पाळायला हवं. त्यांची जोडी जमते ती साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत. पन्नासएक दिवसांनी, म्हणजे साधारण जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, दोन ते चार पिल्लं होतात. बीळ बहुधा किंचित उंचवट्यावर, अनेक तोंडांचं असतं आणि तीच जागा वर्षानुवर्षं वापरली जाते. एरवी खोकड उघड्यावर झुडपाखाली दिवस काढतं. बिळाची गरज असते ती पिल्लांसाठी. म्हणून या तीन-चार महिन्यांत बिळाजवळ गर्दी करणं, कुत्रं घेऊन जाणं, फोटोसाठी जवळ बसून राहणं टाळावं. एकटं दिसलेलं पिल्लू 'अनाथ' म्हणून उचलू नये. आई-बाप जवळपासच असतात. खोकडाला आणि कोल्ह्यालाही १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचं संरक्षण आहे. त्यांना मारणं, पकडणं किंवा पिल्लू घरी आणून पाळणं हा गुन्हा आहे. 'कोल्ह्याचं शिंग' म्हणून जत्रेत जे विकतात ते तर सरळ फसवणुकीचं काम. कुठल्याही कोल्ह्याला शिंग नसतं. कातड्याचा तुकडा आणि केस यांची गाठ वळून ते बनवतात आणि त्यासाठी जनावरं मारली जातात.

रात्री अंगणात येतं कोण हे ठरवण्याचा एक बिनखर्चाचा प्रयोग शाळेत करता येतो. बांधाजवळ किंवा पायवाटेवर मीटरभर लांबी-रुंदीचा तुकडा साफ करून त्यावर चाळलेली बारीक माती किंवा राख पसरायची आणि पाटीनं किंवा फळीनं सपाट करायची. संध्याकाळी तयार करायचा, सकाळी ऊन वर येण्याआधी पाहायचा. मांजराचा ठसा गोल, तीन सेंटिमीटरच्या आसपास आणि त्यात नखं उमटत नाहीत, कारण चालताना मांजर नखं आत ओढून घेतं. खोकडाचा ठसा लांबट, चार सेंटिमीटरच्या आसपास आणि पुढे नखांचे टिंब. कोल्ह्याचा त्याहून मोठा. बिबट्याचा ठसा मांजरासारखाच बिननखांचा गोल, पण सात सेंटिमीटर किंवा अधिक. तो दिसला तर प्रयोग तिथेच थांबवून मोठ्या माणसांना सांगायचं. खरी फसगत होते ती लहान कुत्र्याच्या ठशात. अशा वेळी एका ठशाकडे न पाहता चालीकडे पाहावं. कुत्रं वाकडंतिकडं, रेंगाळत चालतं. खोकडाचे ठसे बहुधा एका सरळ रेघेत जातात. प्रत्येक ठशाशेजारी पट्टी ठेवून वहीत मापं आणि तारीख लिहावी. विष्ठा आढळली तर काडीनं पाहावी, हात लावू नये. तिच्यात जंतांची अंडी असू शकतात. महिनाभर नोंदी ठेवल्या की 'रोज कोल्हा येतो' या विधानाची तपासणी मुलांना स्वतःच करता येते. कोणत्या रात्री कुत्री आली आणि कोणत्या रात्री खोकड, हे दोन रकान्यांत शेजारी शेजारी लिहायला सांगा. नान्नजच्या माळावर जे दिसलं त्याची सावली आपल्या बांधावरही दिसते का ते पाहा.

ऊसतोडीच्या दिवसांत नगर आणि शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या शाळांना आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. फडात सापडलेलं प्रत्येक 'मांजराचं पिल्लू' मांजराचं नसतं. अंगावर तांबूस ठिपके असलेलं, कान आखूड आणि गोलसर असलेलं इवलंसं पिल्लू वाघाटीचं असू शकतं. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढ झाल्यावरही दीड किलोच्या आतबाहेर. कधी ही पिल्लं बिबट्याची समजून घाबरून मारतात, तर कधी घरच्या मांजराची समजून दूध पाजायला घरी नेतात. अशी पिल्लं सापडली तर त्या भागातली तोड थांबवून १९२६ला कळवावं. जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट्या निवारण केंद्रातले पशुवैद्य वनखात्याच्या मदतीनं अशी पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी जिथे सापडली त्याच जागी पेटीत ठेवून दुरून लक्ष ठेवतात. बहुतेकदा अंधार पडल्यावर आई येते, एकेका पिल्लाची मानगूट तोंडात धरते आणि शेजारच्या उभ्या उसात घेऊन जाते.